ओळीचं शेपूट

"परत," काचेपलीकडून जोएल म्हणाला.

मी परत म्हटलं. मान हलवत, हात उडवत, अगदी आमच्या गल्लीत म्हणायचे तसं. संपल्यावर हेडफोन गळ्यात सोडला आणि 'आता बोला' अशा चेहऱ्यानं त्याच्याकडे पाहिलं. जोएल लोपीस वसईचा, रेकॉर्डिंगच्या कामात मुरलेला आणि स्वभावानं गरीब. पण त्या दुपारी त्याच्या कपाळावरच्या आठ्या काही हलेनात.

"प्रणाली, तू शब्द का गाळतेस?"

"कुठले शब्द?"

"शेवटचे. पहिली ओळ पुरी म्हणतेस. दुसरीचा शेवटचा शब्द खाऊन टाकतेस. मग तिसरी पुरी, चौथीचा शब्द गायब."

"काहीतरीच! मी म्हटले सगळे."

"म्हटलेस?"

"म्हणजे काय! मला ऐकू आले की."

जोएलनं वाद घातला नाही. त्यानं एक बटण दाबलं आणि माझाच आवाज मला ऐकवला.

पाणी थांबतं खाली, आमचं घर आहे वर,
डोक्यावर हंडा, पायाखाली—

आणि पुढे काही नाही. नुसता माझा श्वास, स्टोव्हला पंप मारल्यासारखा आत ओढलेला. मग पुढची ओळ.

मतांच्या मोसमात येतो पाहुणा चढून,
आश्वासनं वाटतो आणि जातो—

पुन्हा श्वास. मी काचेशी गेले आणि जोएलच्या हातातला कागद बघितला. त्यावर मीच लिहून दिलं होतं, 'डोंगर' आणि 'गडगडून', स्वच्छ अक्षरात. शब्द कागदावर होते, माझ्या कानात होते, फक्त तोंडातून बाहेर पडले नव्हते. मला दरदरून घाम फुटला. त्या पेटीएवढ्या खोलीत पंखाही नव्हता, आवाज येतो म्हणून.

ही गोष्ट पत्रा रेकॉर्ड्स नवी होती तेव्हाची. आज त्यांच्या इमारतीच्या लिफ्टमध्येसुद्धा आमची गाणी वाजतात. तेव्हा त्यांचा सगळा संसार कुर्ल्यात गाड्या रंगवायच्या गॅरेजवर, पत्र्याच्या खोलीत होता. खाली कुणी ठोकाठोकी सुरू केली की वर रेकॉर्डिंग थांबायचं. 'मराठीत रॅप' म्हटलं की लोक विचारायचे, "म्हणजे बडबडगीत का?" कंपनीकडे चार कलाकार होते, चारही मुलगे. आता त्यांना एक मुलगी हवी होती. एकच. त्या दिवशी माझं गाणं जमलं तर मी, नाहीतर दुसऱ्या दिवशी नाशिकहून एक मुलगी येणार होती, ती.

आणि मला ते जमायलाच हवं होतं. कॉलेजात अकाउंटन्सीनं मला दोनदा धूळ चारली होती. साडीच्या दुकानात चिकटले, तर गिऱ्हाइकांना यमकात उत्तरं देते म्हणून मालकानं हात जोडून घरी पाठवलं. आई उठता-बसता म्हणायची, "हिचं कसं व्हायचं!" मला स्वतःलाही त्याचं उत्तर ठाऊक नव्हतं. एवढंच माहीत होतं की भांडुपच्या टेकडीवर, आमच्या पायऱ्यांवर उभं राहून 'उतार' हे गाणं म्हणते तेव्हा मी कुणीतरी असते.

खरं तर असते नव्हे, असतो. आम्ही दोघी म्हणायचो, मी आणि वहिनी.

वहिनी संगमेश्वराकडची. महेंद्रदादाशी लग्न होऊन आमच्या दीड खोलीत आली ती शिलाई मशीन घेऊनच. मशीन दाराशी मांडलं आणि लोकांचे ब्लाउज शिवायला बसली. मी उंबऱ्यावर बसून काहीबाही जुळवत असायची. तिच्या गावी गौरींच्या नाचात बाया समोरासमोर दोन रांगा करतात. एका रांगेनं ओळ टाकायची, दुसरीनं ती झेलायची. टाकलेली ओळ तशीच लोंबकळत सोडणं म्हणजे घोर अपमान. त्यामुळे माझी ओळ अडली की ही मशीन न थांबवता, दातात दोरा धरून, शेवटचा शब्द फेकायची. मी म्हणाले होते, "डोक्यावर हंडा, पायाखाली दगड." वहिनी म्हणाली, "दगड काय गो? सगळा डोंगर हाय की पायाखाली. डोंगर म्हण!" मग तो शब्द तीच म्हणायला लागली. "तू ओळ टाक, शेपूट मी धरते," असा आमचा करारच झाला.

गावी ती उखाण्यांसाठीही नावाजलेली. लग्नात नाव घ्यायची वेळ आली की बाकीच्या नवऱ्या चांदीच्या वाटीत आणि जाईच्या वेलीत अडकायच्या. हिनं दादाचं नाव घेताना डोंबिवलीपासून देवरुखापर्यंत सगळे थांबे घेतले होते. भटजी अक्षता टाकायचे विसरले, असं आई अजून सांगते. एकदा मी तिला म्हटलं, "वहिनी, किती गं छान नाव घेतेस!" तर दोरा तोडत हसून म्हणाली, "घ्यायची नावं आम्ही. आमचं नाव कोण घेतंय?" खरंच होतं. मी वहिनी म्हणायची, आई सूनबाई, दादा नुसताच "अगं ऐक". गिऱ्हाइकं तिला 'ब्लाउजवाली' म्हणायची. मी हसले आणि विसरले.

मग दादानं आम्हा दोघींचा पायऱ्यांवरचा व्हिडिओ काढला, वहिनीच्याच फोनवर. तो टेकडीवरून खाली उतरला आणि बघता बघता कुठल्या कुठे पोचला. पत्रा रेकॉर्ड्सच्या केतकी दिघे यांचा फोन आला. मी घरी नव्हते, तो वहिनीनं घेतला. संध्याकाळी तिनं मला सांगितलं, "तुला बोलावलंय. एकटीला. जा आणि नीट म्हण."

"आणि तू?"

"लग्नसराई हाय. ब्लाउजांचा ढीग बघितलास? मला कुठला वेळ?"

मी फार विचार केला नाही. आनंदानं माणूस जरा आंधळंच होतं.

तर आता त्या काचेच्या खोलीत मी गाळलेले शब्द भरायला लागले. दुसऱ्या ओळीला 'डोंगर' म्हटलं. चौथीला 'गडगडून' म्हटलं. सहावीला माझा दम संपला. शेवटचा शब्द म्हणायचा तर श्वास घ्यायला जागाच राहत नव्हती. ओळीच दोन माणसांच्या दमाच्या होत्या. मी खोकले, पाणी प्याले, परत म्हटलं. शब्द सगळे आले, पण गाण्यातला जीव गेला. जोएल काही बोलला नाही. तो चांगला माणूस आहे, वाईट बोलायचं असलं की गप्प बसतो.

दार उघडून केतकीताई आत आल्या. बँकेतली नोकरी सोडून या पत्र्याखाली आलेल्या बाई. केस आखूड, बोलणं त्याहून आखूड.

"काय झालं?"

"ताई, याच्या जागा..." मी चाचरले. "हे शेवटचे शब्द माझे नाहीत. ते वहिनी म्हणते."

"म्हणत असतील. व्हिडिओत आहेत त्या मागे. पण गाणं तुझं आहे ना?"

"अर्धं."

केतकीताईंनी भुवई वर केली. "तुझ्या वहिनी तर मला वेगळंच म्हणाल्या."

"काय म्हणाली?"

"मी फोन केला तो तुम्हा दोघींसाठी. आम्हाला एकीलाच घेता येईल, असं सांगितलं. खरं सांगू, जोएलचं मत त्यांना घ्यावं असं होतं. त्या एका शब्दात काय फेक आहे, म्हणाला. पण त्याच म्हणाल्या की लिहिते प्रणाली, म्हणतेही प्रणाली. मी नुसती मागे उभी राहून टाळ्या पिटते."

मी जोएलकडे पाहिलं. त्यानं खांदे उडवले, म्हणजे खरं होतं.

मी खाली बसले. तिथे बसायला काही नव्हतं, जमिनीवरच बसले. खालच्या गॅरेजमध्ये कुणीतरी पत्रा ठोकत होतं. माझ्या डोळ्यांसमोर तो ब्लाउजांचा ढीग आला. लग्नसराई! बाहेर आषाढ चालू होता. आषाढात कुणाची लग्नं होतात? मी भांडुपपासून कुर्ल्यापर्यंत आले होते आणि एवढं साधं मला सुचलं नव्हतं.

"खोटं बोलली ती," मी म्हटलं. "शेवटचा शब्द ती शोधते, म्हणूनच ओळ उभी राहते. तिच्याशिवाय हे गाणं माझ्याच्यानं होत नाही, ऐकलंत तुम्ही. तुम्हाला एकीच हवी असेल तर उद्या ती नाशिकची येईल, तिला घ्या. नाहीतर वहिनीला घ्या. पण हे गाणं मी एकटीचं म्हणून देणार नाही."

बोलून तर गेले. आता घरी जाऊन आईला काय सांगणार होते?

केतकीताईंनी माझा फोन उचलून माझ्या हातात दिला. "फोन लाव तुझ्या वहिनीला," त्या म्हणाल्या. "मोठ्यानं ऐकू येईल असा."

तीन-चारदा वाजला आणि उचलला गेला. पलीकडून मशीनचा खडखडाट येत होता.

"झालं गो? काय म्हणाले?"

"वहिनी, मला शेपटं येत नाहीत."

मशीन थांबलं. "नाय म्हणजे? पाठ हायत ना तुला?"

"पाठ आहेत. पण मी म्हणतच नाही. मी तुझी वाट बघत थांबते."

"आता बघ! थांबू नकोस ना! घोकून घे दोन-चार वेळा."

"वहिनी, यांनी तुलापण विचारलं होतं?"

पलीकडून टेकडीवरची कुत्री तेवढी ऐकू आली.

"विचारलं होतं की नाही?"

"विचारलं होतं," वहिनी म्हणाली. "एकच घेणार, म्हणाल्या. मग मी म्हटलं, मला शिलाई येते. माझं पोट कुठंपण भरेल. तुला दुसरं काय येतंय गो?"

जोएल फस्सकन हसला आणि मग लगेच गंभीर झाला. मला एकाच वेळी हसूही आलं आणि रडूही. माझ्याविषयी इतकं खरं कुणी बोललं नव्हतं आणि इतक्या मायेनंही.

केतकीताई फोनकडे वाकल्या. "दर्शनाताई, मी केतकी दिघे. तुम्ही आत्ता इथे येऊ शकता का?"

"मी? आत्ता? अहो, माझ्या अंगावर घरातला गाऊन हाय!"

"साडी नेसा, ड्रेस घाला, काहीही करा. रिक्षा करा, भाडं आम्ही देऊ."

"आईंचं जेवण व्हायचंय..."

मागून आईचा आवाज आला. "जा गो! मी काय लहान हाय? ताटलीत वाढून घेते. जा म्हणते ना!" आई सगळं ऐकत होती तर.

वहिनी आली तेव्हा उन्हं कलायला लागली होती. साडी नीट नेसली होती, पण गळ्यात माप घ्यायची पट्टी तशीच लोंबत होती आणि केसांना लाल दोऱ्याचा तुकडा. दारातून आधी तिनं मला बघितलं आणि म्हणाली, "डोळे कशाला सुजवलेस? गाणं म्हणायला आलीस का मयताला?" मग केतकीताईंना नमस्कार केला आणि जोएलला विचारलं, "चपला कुठं काढू?"

त्या खोलीत दुसऱ्या माणसाला जागा नव्हती. जोएलनं माइक मधे घेतला आणि आम्हाला समोरासमोर उभं केलं. वहिनीनं हेडफोन घातला, तो तिच्या अंबाड्यावर अडकला. तो काढून तिनं टांगून ठेवला. "माझ्यासमोर ही उभी हाय, मला कानात कशाला ऐकवता?" जोएल म्हणाला, "ताई, मागचा ठेका ऐकायला लागेल." वहिनीनं मग एक कान आत आणि एक कान बाहेर असा तोडगा काढला.

मी ओळ टाकली.

पाणी थांबतं खाली, आमचं घर आहे वर,
डोक्यावर हंडा, पायाखाली—

"डोंगर!"

त्या एका शब्दानं काच थरथरली असं मी म्हणणार नाही, पण जोएल खुर्चीत सरळ बसला हे मी पाहिलं. मी श्वास घेतला. केवढा मोठा श्वास मिळाला! दुपारपासून मी ज्या हवेसाठी तडफडत होते ती एका शब्दाच्या आडोशाला होती. पुढचा पाहुणा गडगडला. शाळेच्या ओळी आल्या.

शाळेत विचारलं बाईंनी, पत्ता सांग पुरा,
म्हटलं, नकाशा संपला की चढा अजून—

"जरा!"

वहिनी 'जरा' म्हणताना बोटानं वर दाखवायची. तिथेही दाखवलं. काचेपलीकडे केतकीताईंनी नकळत वर पाहिलं.

आम्ही शेवटापाशी आलो. 'उतार'चा शेवट ठरलेला होता, दहा वेळा म्हटलेला. पण शेवटच्या ओळींना तोंड उघडलं आणि मला ते हसणं आठवलं, दोरा तोडतानाचं. आमचं नाव कोण घेतंय? मी ठरवून काही केलं नाही. इतकी वर्षं उंबऱ्यावर बसून जिच्याकडे बघून बघून मी जुळवायला शिकले ती समोर उभी होती. गळ्यात पट्टी, केसात लाल दोरा. माझ्या तोंडून नवीनच आलं.

चढाच्या वाटेवर हात धरला कुणी, ओळखा ना,
अर्ध्या ओळीत मी, अर्ध्या ओळीत—

वहिनी शब्द फेकायला तयार होती. तिचं तोंडही उघडलं होतं. पण हे शेपूट तिला ठाऊक नव्हतं आणि ठाऊक असतं तरी तिनं म्हटलं नसतं. बाईमाणूस स्वतःचं नाव कसं घेणार? मीच घेतलं.

"दर्शना!"

ठेका चार मात्रा पुढे गेला आणि थांबला. वहिनी माझ्याकडे बघतच राहिली. मग पट्टीच्या टोकानं डोळे पुसले आणि माझ्या दंडाला असा चिमटा काढला की चार दिवस हिरवं राहिलं. "सांगायचं नाय आधी? मी बावळटासारखी तोंड उघडून उभी!"

"हे राहू दे," केतकीताई काचेपलीकडून म्हणाल्या. चिमट्यानंतरची माझी "आई गं"सुद्धा त्यांनी काढू दिली नाही. आजही गाण्याच्या शेवटी नीट कान दिलात तर ती ऐकू येते.

"पण ताई, तुम्हाला एकच हवी होती ना?" मी भीतभीत विचारलं.

"एकच कलाकार घेणार, असं म्हणाले होते," केतकीताई म्हणाल्या. "हा एकच कलाकार आहे. दोन बायकांचा आहे, एवढंच." मग जोएलला म्हणाल्या, "नाव काय टाकतोयस?"

जोएलनं वहिनीकडे पाहिलं. वहिनीनं माझ्याकडे पाहिलं.

"नणंद-भावजय टाका," ती म्हणाली. "जगात आमच्या भांडणाला लोक घाबरतात. जरा गाण्यालापण घाबरू देत."

खाली उतरलो तेव्हा गॅरेजवाल्यानं आम्हाला चहा पाजला. वहिनी आल्यापासून केतकीताईंनी त्याला ठोकाठोकी बंद ठेवायला लावली होती आणि तो बिचारा फुकट गाणं ऐकत बसला होता. तो चहा, ती पत्र्याची खोली, जोएलची शांतता, फोनमधून आलेला आईचा तो "जा गो", यातलं एकही वजा केलं असतं तर आज मी कुठल्या काउंटरवर उभी असते देव जाणे. लोक मला विचारतात, तुमचा गुरू कोण? मी सांगते, ब्लाउज शिवते, नंबर हवा का? लोकांना ती गंमत वाटते.

'उतार' आला, गाजला. आमच्या मागून कितीतरी पोरी आल्या. ती नाशिकची मुलगीही पुढच्याच वर्षी पत्रा रेकॉर्ड्समध्ये आली, आणि माझ्यापेक्षा झकास म्हणते. पण मला सांगायचंय ते आमच्या टेकडीखालच्या मैदानातल्या पहिल्या कार्यक्रमाचं.

सगळी टेकडी खाली उतरली होती. दादा स्टेजच्या शिडीपाशी उभा राहून ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांना "माझी बायको, माझी बहीण" सांगत होता. आई पहिल्या रांगेत, खुर्चीच्या अगदी कडेला बसलेली. दिवस मावळायचा होता. आम्ही समोरासमोर उभ्या राहिलो. मी ओळी टाकल्या, वहिनीनं झेलल्या. डोंगर आला, गडगडून झालं, वहिनीचं बोट वर गेलं आणि हजार माना टेकडीकडे वळल्या.

मग शेवट आला.

"चढाच्या वाटेवर हात धरला कुणी, ओळखा ना, अर्ध्या ओळीत मी, अर्ध्या ओळीत—"

मी नाव घेणार, तेवढ्यात माइक तोंडापासून खाली केला. का, ते सांगता येत नाही. जुनी सवय असेल, ओळ टाकून थांबायची. आणि मग पुढच्या रांगेतून एक आवाज आला, खरखरीत, दम्याचा, ओळखीचा. ज्या आवाजानं इतकी वर्षं फक्त "सूनबाई, चहा टाक" म्हटलं होतं.

"दर्शना!" आई ओरडली.

आणि तिच्यामागे सगळं मैदान. पोरं, बाया, पाण्याच्या रांगेत भांडणाऱ्या शेजारणी, ब्लाउज उशिरा मिळाला म्हणून कटकट करणारी गिऱ्हाइकं. दर्शना. दर्शना. दर्शना.

वहिनीनं माइक तोंडाशी नेला. कुणाचीही ओळ कधी लोंबकळत न सोडणारी माझी वहिनी, तिला शब्द सापडेना. ओठ हलले, आवाज फुटला नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी अडले की उंबऱ्यावरून तिच्याकडे बघायची तसंच.

मी छातीभर श्वास घेतला, दोघींना पुरेल एवढा, आणि ओळ परत पहिल्यापासून टाकली.